खांद्याची रेषा

ओहोळ सर शिट्टी ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरायचे,
उजवा कोपरा बोलायला मोकळा.
"नओमी, खांदा! पोरी, खांदा कुठं चाललाय तुझा?"
पायांचं नव्हे, नजरेचं नव्हे,
सर खांद्याचा हिशेब ठेवायचे.
पाटीवरून उठलीस, खांदा वळला,
तीच तुझी दिशा, खांबापर्यंत.
मागे सुटलेली पोरगी हातभर अंतरावर उभी राहून
वेणी बांधू दे खुशाल,
ती आता तुझी नाही.

शरणपूरच्या त्या मैदानावर
चुन्याच्या रेषा सर स्वतः आखत
आणि रविवारी चर्चच्या दाराशी गीतांची पुस्तकं वाटत.
माझ्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर
त्यांच्या अंगठ्याचा पांढरा ठसा अजून आहे.

सिन्नरविरुद्धचा तो शेवटचा डाव.
चाळीस सेकंद, एक गुण कमी.
मी उठले,
आणि समोर दोन पळणाऱ्या, दोन बाजूंना.
मला दोघीही हव्या होत्या.
खांदा डावीकडे गेला, उजवीकडे आला,
शिट्टी.
दोघीही सुटल्या.
सर रागावले नाहीत. लिंबाची फोड हातावर ठेवत म्हणाले,
"एक तरी खरंच हवी होती का गं तुला?"

आता नाशिकरोडला प्रेसमध्ये
दिवसभर नोटा मोजते, माझ्या नसलेल्या.
सुटताना गेटवर झडती होते,
पर्स उलटी, डबा उघडा,
आणि मी कोरी बाहेर पडते.
मनाची झडती घेणारं तिथे कोणी नाही.
त्यातून रोज काय काय बाहेर काढते मी :
पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता,
जावेची नवी गाडी,
कुणी मला काय म्हणालं होतं दिवाळीत.
रविवारी तेच सगळं स्कूटीच्या डिकीत भरून
द्वारकेच्या चौकात अडकते,
दुसऱ्या गीताला पोचते, मागच्या बाकावर टेकते,
अर्धा खांदा वेदीकडे,
अर्धा दाराकडे.

प्रभू, तू पंच असशील
तर शिट्टी का वाजवत नाहीस?

मार्चमध्ये सरांची उजवी बाजू गेली.
बोलायचा कोपरा गेला, शिट्टीचा राहिला.
मी भेटायला गेले तेव्हा
डावा हात छातीवर ठेवून ते पुटपुटत होते,
शब्द कळत नव्हते, पण कुणाशी बोलताहेत ते कळत होतं.
अर्ध्या अंगाने
सबंध प्रार्थना.
मी धडधाकट उभी होते शेजारी.
आमेन म्हणाले, तेव्हा मनात
पार्किंगची पावती.

लोक म्हणतात, अमक्याने खो घातला,
म्हणजे होणारं काम मोडलं.
पाटीवर बसलेल्या पोरीला विचारा.
गुडघे मुडपलेले, बोटं मातीत,
घाम डोळ्यांत उतरतोय तरी पुसायचा नाही,
आणि खो येतो तो मागून.
पाठीवर तळहात, कानाशी एकच अक्षर.
देणाऱ्याचं तोंड दिसत नाही.
न मिळता उठलं तर फाऊल,
मिळूनही बसून राहिलं
तर त्याला खेळात नावच नाही.

किती वर्षं झाली, मी वळून वळून बघतेय
कोण येतंय, खरंच येतंय का.

परवाच्या रविवारी पाळकांचा उपदेश चालू होता.
मी हप्त्याची तारीख मोजत होते.
मागच्या बाकावरच्या कुणा लहानग्याने
पाठीवर हात ठेवला,
"काकू, कितवं गीत?"

आणि मी उठले.
सगळीच्या सगळी उठले,
पंचेचाळीस वर्षांची, गुडघ्यात कळ घेऊन,
खांदा सरळ वेदीकडे.

बाकी सगळे बसलेलेच होते.
पाळक क्षणभर थांबले.
मला खाली बसायचं सुचलं नाही.